ओल्या काळ्या रानात उसाचा भरलेला ट्रक रुतला तर डिफरेन्शियल लॉक कधी लावायचा?

हा लॉक मागच्या दोन्ही बाजूंची चाकं एकत्र जोडतो, म्हणून एकाच बाजूचं चाक जागेवर फिरू लागलं की तो लावायचा, आणि तोही गाडी थांबवून, क्लच दाबून. चाक गरगर फिरत असताना कधीच नाही. सोलापूर भागातल्या ऊस ओढणाऱ्या गाड्या माझ्या गॅरेजात येतात, त्यात फिरत्या चाकावर लॉकचं बटण दाबल्याने त्याच्या कपलिंगचे (जोडणाऱ्या भागाचे) दात मोडलेले हमखास दिसतात. डॅशबोर्डवरचा लॉकचा दिवा लागला की पहिल्या गिअरमध्ये, कमी रेसवर, स्टिअरिंग सरळ ठेवून हळू बाहेर काढा. लॉकमध्ये दोन्ही बाजूंची चाकं एकाच वेगानं फिरतात, त्यामुळे स्टिअरिंग वळवलं तरी गाडी नाकासमोरच घसरत जाते. टणक रस्ता लागला की लगेच बंद करा, नाहीतर डांबरावर पहिल्याच वळणाला एक्सल शाफ्टला (चाक फिरवणाऱ्या दांड्याला) पीळ बसतो. बटण बंद करूनही दिवा विझत नसेल तर रेस सोडा, हळू चालवत स्टिअरिंग जरा डावी-उजवीकडे हलवा. अडकलेले दात सुटतात. निसरड्या उतारावर मात्र लॉक नकोच, मागची बाजू आडवी होते. आणि दोन्ही बाजूंची चाकं जागेवरच फिरत असतील तर लॉकचा काही उपयोग नाही: टायरखाली पाचट नाहीतर मुरूम टाका, किंवा सरळ ट्रॅक्टर बोलवा (गळीत हंगामात बांधावर एखादा असतोच).