ट्रिटियम की कार्बन-१४? आधी लेबल कुठे बसलंय ते बघा

तुमचा प्रश्न असा, की एकाच माणसाला ट्रिटियमचं (किरणोत्सारी हायड्रोजन) आणि कार्बन-१४ चं (किरणोत्सारी कार्बन) लेबल, म्हणजे ओळखखूण, लावलेलं कोलिक आम्ल (यकृतात बनणारं एक पित्ताम्ल) एकदम दिलं तर दोघांचे आकडे जुळत का नाहीत, आणि खरं कोणाचं मानायचं. माझं मत कार्बनच्या बाजूने, तेही तो २४ व्या जागेवर, म्हणजे शेपटीच्या टोकाच्या कार्बॉक्सिलमध्ये असेल तर.

१९५७ मध्ये स्वीडनच्या स्वेन लिंडस्टेट यांनी वापरलेली रीत साधी आहे. लेबलवालं आम्ल चिमूटभर द्यायचं, काही दिवस ड्युओडेनममधून (लहान आतड्याचा पहिला भाग) पित्त काढायचं आणि विशिष्ट किरणोत्सारितेचा (ठरावीक आम्लामागे किती किरणोत्सारिता) लॉग आलेख मांडायचा. उतारावरून उलाढाल (जुनं आम्ल जाऊन नवं येण्याचा वेग) कळते, आणि रेष शून्य वेळेपर्यंत मागे नेली की साठा, म्हणजे शरीरात एकूण किती आम्ल आहे ते. फक्त लेबल रेणूला चिकटून राहिलं पाहिजे!

गोची इथेच होते. पित्ताम्लं दिवसातून सहा-दहा वेळा यकृत ते आतडं अशी फिरतात आणि दर फेरीला थोडी जिवाणूंच्या तावडीत सापडतात. जिवाणू तिसऱ्या कार्बनवरच्या हायड्रॉक्सिलचं कीटोन करतात. मग शेजारच्या २ आणि ४ क्रमांकांवरचे हायड्रोजन सैल होऊन पाण्यातल्या हायड्रोजनशी अदलाबदल करतात. ट्रिटियम नेमकं तिथेच बसवलेलं असलं तर आम्ल शरीरातच राहतं आणि लेबल पाण्यात निघून जातं. उतार खोटा तीव्र दिसतो आणि यकृत रोज किती आम्ल बनवतं हा आकडा फुगतो. साठ्याच्या आकड्याला त्या मानाने कमी धक्का बसतो. कीनोडिऑक्सिकोलिक या दुसऱ्या पित्ताम्लामध्ये ११-१२ वर बसवलेलं ट्रिटियम या तडाख्यातून बरंच वाचतं.

म्हणून असे आकडे देणाऱ्या पेपरात दोन गोष्टी शोधा: ट्रिटियम-कार्बन गुणोत्तर दिवसागणिक घसरतंय का, आणि लघवीतलं पाणी ऊर्ध्वपातन करून त्यात ट्रिटियम मोजलंय का. आणखी एक, पित्ताचा पिवळा रंग सिंटिलेशन काउंटरमध्ये (किरणोत्सारिता प्रकाशाच्या ठिणग्यांवरून मोजणारं यंत्र) ट्रिटियमचे काउंट कार्बनपेक्षा जास्त खातो. क्वेंच सुधारणा, म्हणजे रंगाने खाल्लेल्या काउंटची भरपाई, केली नसेल तर गुणोत्तराचा भरवसा धरू नका. सुरुवातीला मीही रंगवाल्या नमुन्यांवर तीन दिवस घालवले होते.

सीहकॅट (सेलेनियम-७५ चं लेबल लावलेलं कृत्रिम पित्ताम्ल देऊन करायची चाचणी) याच यादीत धरू नका. त्यात सातव्या दिवशी शरीरात किती उरलं एवढंच कळतं. १५ टक्क्यांखाली असेल तर पित्ताम्लामुळे जुलाब होत असल्याचा संशय घेतात. साठा किंवा निर्मिती त्यातून निघत नाही.

लहान मुलं, गरोदर बायका असतील तर हा वादच नको, तिथे किरणोत्सारी नसलेलं ड्युटेरियम किंवा कार्बन-१३ देऊन मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजतात.