खोल समुद्राच्या तळाला पावसाळा कळतो का?

तुमचा प्रश्न असा: चार हजार मीटर खाली कायम अंधार, पाणी वर्षभर सारखंच गार, मग तिथल्या जीवांना ऋतू कुठून कळणार? आणि परभणीत बसून यावर एमएस्सीचा प्रकल्प होईल का?

कळतो, अन्नावरून. तळाशी स्वतःचं फारसं काही पिकत नाही, वरून पडेल ते खायचं. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे सोमालिया-ओमानकडे खालचं पोषक पाणी वर येतं आणि वनस्पतिप्लवकं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, माजतात. त्यांचे चिकट पुंजके दिवसाला शंभर-दीडशे मीटर उतरतात. म्हणजे जुलैच्या मध्याचा बहर 4000 मीटरवर पोचेपर्यंत ऑगस्टचा मध्य उलटतो. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हॅम्बुर्ग विद्यापीठाने 1986 पासून पाण्यात लावलेल्या, वरून पडणारं बाटल्यांत झेलणाऱ्या सापळ्यांत हे दिसलं: पडण्याचा मोठा भर पावसाळी वाऱ्यांत, लहान भर हिवाळी वाऱ्यांत.

तरीही संभाजीनगरच्या एका चर्चासत्रात एका प्राध्यापकांनी भर सभेत मला सुनावलं, ‘खोल तळाला ऋतू नसतो, आमच्या नमुन्यात काहीच दिसलं नाही.’ नमुना बॉक्स कोअररचा, म्हणजे तळाचा चिखल कापून आणणाऱ्या पेटीचा होता. संपला विषय! ती जड पेटी उतरताना पुढचं पाणी ढकलत जाते, आणि चिखलावर वरून पडलेल्या पुंजक्यांचा मिलिमीटरभर जाडीचा हिरवट-तपकिरी थर असतो तो सुपाने पाखडल्यासारखा उडून जातो. मग वर येतो तो स्वच्छ चिखल. 1983 मध्ये आयर्लंडच्या नैर्ऋत्येला पॉर्क्युपाइन सीबाइट या समुद्रतळाच्या खोलगट भागातला हा थर जगापुढे आला, तो तळावरचे फोटो आणि मल्टिकोअररमुळे. मल्टिकोअरर म्हणजे अनेक नळ्यांनी चिखल काढणारं यंत्र; त्याची चौकट आधी तळावर टेकते आणि नळ्या नंतर हळूहळू घुसतात.

म्हणून नमुना घेताना शेवटच्या शंभरेक मीटरला विंच, म्हणजे जहाजावरचं दोर सोडणारं यंत्र, हळू करायची. नळी वर आली की चिखलावरचं पाणी नितळ आहे का ते आधी बघा. गढूळ असेल तर ती नळी या कामाला बाद. मऊ थर रुंद तोंडाच्या पिपेटने अलगद ओढा, मग वरचा एक सेंटिमीटर कापा. फोरॅमिनिफेरा, म्हणजे कवचवाले एकपेशीय जीव, यांच्यासाठी 32 मायक्रॉनची चाळणी लावा. नमुना टिकवायच्या फॉर्मॅलिनमध्ये बोरॅक्स (आम्लता मारणारा क्षार) टाकायला विसरलात तर ते आम्लधर्मी होतं आणि चुनखडीची कवचं विरघळतात. मग ‘सापडले नाहीत’ असा निष्कर्ष निघतो, तोही छापून येतो.

सापळ्याच्या आकड्यांवरही डोळे झाकून विश्वास नको. सापळ्याच्या 13 बाटल्या वर्षभर पुरवल्या तर एकेक बाटली 28 दिवसांची. दोन आठवड्यांचा भर त्यात पसरून बुटका दिसतो. 21 बाटल्या असतील तर साधारण साडेसतरा दिवस. शिवाय पोहत आत शिरलेले कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) वेचून काढले नाहीत, तर वजन फुगतं.

थर पडला की आधी जीवाणू हलतात, आणि एपिस्टोमिनेला एक्झिग्वासारखे फोरॅमिनिफेरा त्या पुंजक्यांतच वाढतात. ऑफियुरा ल्युंगमानीसारखे काही भंगुरतारे (तारामाशाचे सडपातळ हातांचे भाऊबंद) हंगामात अंडी देतात, पण बरेच जीव वर्षभर थोडी थोडी देतात. फरक फक्त हंगामाहंगामातच पडतो असंही नाही: सीबाइटजवळच्या पॉर्क्युपाइन या खोल समुद्रतळाच्या मैदानावर 4850 मीटरला 1996 च्या सुमारास अ‍ॅम्पेरिमा रोझिया ही छोटी समुद्रकाकडी कैक पटींनी वाढली.

प्रकल्पाचं म्हणाल तर जहाज लागणार नाही. साठवलेले नमुने मिळाले की सूक्ष्मदर्शकाचं काम परभणीतही होतं, समुद्र जवळ हवा हे खूळ आहे. गोव्याला पत्र लिहा, आणि कोणता कोअरर, कोणता महिना, कोणती चाळणी हे मिळाल्याशिवाय एकही नमुना हातात घेऊ नका. मार्गदर्शकांनी ‘ऋतू नसतो’ म्हटलं तर त्यांनाही आधी कोअररच विचारा.

एक राहिलं. पूर्व अरबी समुद्रात साधारण 150 ते 1200 मीटरच्या पट्ट्यात प्राणवायू फार कमी असतो. तिथले नमुने मिळाले तर फरकाचं खापर एकट्या अन्नावर फोडता येणार नाही. त्याहून खोलचे मागा.