वाचकांचे प्रश्न : करयोजना पाहावी की उमेदवाराचे चारित्र्य?

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई न्यू जर्सीत असतात. दोघेही आता तिथले नागरिक आहेत आणि मतदानही करतात. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की त्यांच्यात एकच वाद पेटतो. जावयांचे म्हणणे असे की, उमेदवाराची करयोजना वाचावी, माणूस कसा आहे याची उठाठेव करू नये. मुलगी म्हणते, ज्याच्या शब्दाचा भरवसा नाही त्याची योजना वाचून करायचे काय? ती नेहमी थोरल्या बुश यांचा दाखला देते. यात बरोबर कोण?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : आपल्या मुलीने दाखला अगदी नेमका निवडला आहे, मात्र त्यातून ती काढत असलेला निष्कर्ष मला पटत नाही. १८ ऑगस्ट १९८८ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या रिपब्लिकन पक्षअधिवेशनात जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी 'माझ्या ओठांकडे नीट पाहा : नवे कर नाहीत' अशी ग्वाही दिली आणि ते निवडून आले. पुढे अर्थसंकल्पातील तूट वाढत गेली, आणि काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, दोन्ही सभागृहांत बहुमत असलेला डेमोक्रॅटिक पक्ष करवाढीशिवाय तडजोडीला राजी होईना. अखेर २६ जून १९९० रोजी व्हाइट हाउसमध्ये वार्ताहर बसतात तिथल्या फलकावर एक छोटेसे निवेदन लावण्यात आले. तूट भरून काढण्यासाठी लागणाऱ्या उपायांची त्यात यादी होती आणि त्या यादीत 'कर महसुलातील वाढ' हे शब्द इतर शब्दांच्या गर्दीत बसवलेले होते. भर अधिवेशनात ठासून दिलेले वचन मागे घेताना फलकावरचा एक कागद पुरेसा मानला गेला. लोकांच्या मनात सल राहिला तो करवाढीपेक्षाही या रीतीचा, असे मला वाटते.

त्या वर्षीच्या कायद्याने प्राप्तिकराचा सर्वोच्च दर २८ टक्क्यांवरून ३१ टक्के झाला आणि पेट्रोलवरील केंद्रीय कर गॅलनमागे ५ सेंटांनी वाढला. त्याच कायद्याने खर्चावर मर्यादा घातल्या आणि नवी करसवलत द्यायची असेल तर तिची भरपाई कुठून होणार हे दाखवण्याचे बंधनही आणले. १९९८ पासून चार वर्षे अमेरिकेच्या अर्थसंकल्पात शिल्लक दिसली. तिच्यामागे नव्वदच्या दशकातील तेजी होती, १९९३ ची करवाढ होती, तशी १९९० ची ही शिस्तही होती. बुश मात्र १९९२ मध्येच पराभूत झाले होते. २०१४ साली केनेडी ग्रंथालयाच्या प्रतिष्ठानाने त्यांना राजकीय धैर्याचा पुरस्कार दिला, तो नेमका या वचनभंगासाठी.

म्हणून माझे मत असे की, बुश चुकले ते १९८८ मध्ये, १९९० मध्ये नव्हे. जे पाळता येईल याची कोणतीही हमी नव्हती ते त्यांनी केवळ टाळ्यांच्या भरात आणि स्पर्धेच्या ओढीत देऊन टाकले. दिलेला शब्द देशहितासाठी मोडणे हे कठीण आणि कधी कधी आवश्यक काम असते; शब्द देतानाच हिशेब न करणे हा मात्र चारित्र्यातला दोष आहे.

याची दुसरी बाजूही आपल्या मुलीला जरूर सांगावी, कारण तीत दोष उमेदवाराचा नाही. १९८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी स्वीकारताना वॉल्टर मोंडेल यांनी स्पष्ट सांगितले की, कर (तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष) रीगनही वाढवतील आणि मीही वाढवीन; ते तुम्हाला सांगणार नाहीत, मी आत्ताच सांगितले. मतदारांनी त्यांना त्यांचे स्वतःचे मिनेसोटा राज्य आणि राजधानी वॉशिंग्टन एवढेच दिले. खरे बोलणाऱ्याची अशी गत झालेली पाहिल्यावर पुढचा उमेदवार काय शिकणार? बुश यांची ती ग्वाही त्यानंतरच्याच निवडणुकीतली आहे.

तेव्हा जावयांनी योजना वाचावीच, पण कोणाचा कर कमी होणार याबरोबरच तो भार कोणावर पडणार हे उमेदवाराने उघड सांगितले आहे का, तेही पाहावे. योजना जिथे गप्प बसते तिथे आपल्या मुलीचा प्रश्न सुरू होतो.

प्रश्न : राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या अधिकारात कर बदलू शकतो का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : प्राप्तिकर नाही. महसुलाचे विधेयक प्रतिनिधिगृहातच मांडले गेले पाहिजे, असे अमेरिकेची राज्यघटना सांगते. आयातशुल्काबाबत काँग्रेसने वेगवेगळ्या कायद्यांनी काही अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे सोपवले आहेत, एवढाच अपवाद. बिल क्लिंटन यांनी मध्यमवर्गाला करसवलत देऊ म्हणून १९९२ ची निवडणूक जिंकली, आणि १९९३ मध्ये ती बाजूला ठेवून करवाढ आणली. पण तीही काँग्रेसच्या मतांशिवाय शक्य नव्हती : ती प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २१६ अशी, आणि सिनेटमध्ये समसमान मते पडल्यावर उपराष्ट्राध्यक्ष गोर यांच्या मताने तरली.

प्रश्न : उमेदवाराने स्वतःची प्राप्तिकर विवरणपत्रे दाखवावीत असा आग्रह का धरतात? तो खासगी मामला नाही का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : केंद्रीय कायद्याने सक्ती नाही, पण ही प्रथा रुजली ती राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यामुळे. २ लाख डॉलरहून अधिक उत्पन्न असताना १९७० साठी त्यांनी केवळ ७९२ डॉलर ८१ सेंट प्राप्तिकर भरल्याचे उघड झाले. उपराष्ट्राध्यक्षपदाच्या काळातील आपले कागद राष्ट्रीय अभिलेखागाराला दान केल्याची मोठी वजावट त्यांनी घेतली होती. अशी वजावट ज्या तारखेनंतर बंद झाली, तिच्या आधीची तारीख दानपत्रावर मागाहून घालण्यात आली होती. संसदीय समितीने ४ लाख ७६ हजार डॉलरहून अधिक रक्कम देय ठरवली.

विवरणपत्रातून माणूस कसा दिसतो याचे मला अधिक बोलके वाटणारे उदाहरण २०१२ चे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांचे आहे. सरसकट सर्व दर २० टक्क्यांनी घटवायचे आणि तो तोटा वजावटी कमी करून भरायचा, अशी त्यांची योजना होती. पण कोणत्या वजावटी, हे ते शेवटपर्यंत सांगेनात. कायद्याने देणे आहे त्याहून अधिक कर मी भरला असता तर राष्ट्राध्यक्षपदाला लायक ठरलो नसतो, असे त्यांनी जुलैमध्ये म्हटले होते. सप्टेंबरमध्ये त्यांचे २०११ चे विवरणपत्र प्रसिद्ध झाले. सुमारे ४० लाख डॉलर दान केलेले असताना त्यांनी वजावट घेतली ती साधारण साडेबावीस लाखांचीच, आणि कर बसला १४.१ टक्के. पूर्ण वजावट घेतली असती तर 'गेल्या दहा वर्षांत मी कधीही १३ टक्क्यांहून कमी कर भरलेला नाही' हे त्यांचे म्हणणे खोटे ठरले असते. दान खरे होते, कायदा कुठेही मोडलेला नव्हता, आणि तरीही देशाच्या वजावटींबद्दल मौन पाळणाऱ्या उमेदवाराने स्वतःची वजावट मात्र मतदारांकडे पाहून ठरवली, हे त्या कागदांवरूनच कळले. ते कागद खासगी राहिले असते तर एवढेही कळले नसते.