पाळीच्या आधी बायको फार चिडते. हे हार्मोन्समुळे की स्वभावच? नवऱ्याने काय करावं?

दादा, तुम्ही लिहिलंय की पाळीच्या आधीचा आठवडा बायको ‘वेगळीच बाई’ होते, आणि तेव्हा नेमकं कसं वागायचं कळत नाही. त्रास खरा असतो, त्याला पीएमएस म्हणतात. काय करायचं ते पुढे सांगते. काय करायचं नाही ते आधी ऐका: ‘तारीख जवळ आली वाटतं’ हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. चारचौघांत तर नाहीच.

आमच्याकडे हे वाक्य लग्नापासून चालू आहे. भाजी खारट झाली म्हणून मी काही बोलले, तारीख जवळ आली. वीजबिल भरायचं राहिलं म्हणून बोलले, तारीख जवळ आली. एका दिवाळीत दीर पेढे घेऊन आले, म्हणाले, “वहिनी, तुमच्यामुळे गाडी दारात आली.” मला कळेना माझ्यामुळे कशी. मग उलगडा झाला. लेकीच्या कॉलेजसाठी ठेवलेली एफडी आमच्या ह्यांनी मुदतीआधी मोडून भावाला डाउन पेमेंटला दिली होती. मी स्वतः पतसंस्थेत काउंटरवर बसते, दिवसभर लोकांच्या ठेवपावत्या हाताळते, आणि घरातली पावती मोडल्याचं मला पेढ्यावरून कळलं. मी बोलले, मोठ्याने बोलले. नणंद, तिच्या सासरची माणसं, सगळी बसलेली होती. आमचे हे त्यांच्याकडे बघून हसत म्हणाले, “सोडा हो, तिची तारीख जवळ आलीय.” नणंदेने मला आत नेऊन पाणी दिलं. पैशाचा विषय तिथेच मिटला, म्हणजे मिटवला.

आता गंमत बघा. त्याच सुमारास माझी नोंद चालू होती. आधीच्या डॉक्टरांनी हार्मोन्सच्या ढीगभर तपासण्या केल्या, सगळं नॉर्मल आलं, “टेन्शन घेऊ नका” म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी रिपोर्ट बाजूला सारले आणि म्हणाल्या, सलग दोन महिने रोजच्या रोज लिहून आणा. पीएमएस रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. हार्मोन्स बहुतेकींचे ठीकच असतात. बीज सुटल्यानंतरच्या पंधरवड्यात ते चढतात-उतरतात, आणि काहींचा मेंदू त्या चढउताराला जास्त संवेदनशील असतो. म्हणून त्रास पाळीच्या आधी सुरू होतो आणि पाळी आली की दोन-चार दिवसांत ओसरतो. हा ओसरण्याचा भाग महत्त्वाचा. महिनाभर सारखीच उदासी, सारखाच थकवा असेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन, नैराश्य बघायला हवं.

स्वयंपाकघराच्या दारामागचं कॅलेंडर, दुधाचे खाडे मांडतो ते, त्यावरच मी लिहायचे. चि म्हणजे चिडचिड, र म्हणजे रडू, छा म्हणजे छाती दुखणं, झो म्हणजे झोप नाही. सासूबाईंना वाटायचं दूधवाल्याचाच काही हिशेब आहे. पाळीच्या आधीच्या चौकटी या अक्षरांनी भरलेल्या, त्या मी नाकारत नाही. त्या दिवसांत मी लेकीवर उगाच खेकसते, कुणी हाक मारली तरी नको वाटतं. पण पेढ्यांचा दिवस? पाळी येऊन गेल्यानंतरचा आठवडा. चौकट कोरी. एक अक्षर नाही. महिन्यातल्या सगळ्यात थंड डोक्याच्या दिवशी मी ते सगळं बोलले होते. पान काढून ह्यांच्यासमोर ठेवलं, तर म्हणाले, “असेल, पण आवाज जरा जास्तच होता.”

तर नोंद ठेवायला सांगा, पण तिची ती ठेवू दे. तुम्ही मोबाईलमध्ये तिच्या तारखा मोजत बसू नका, ते पाळत ठेवल्यासारखं होतं. आणि भांडण झालं की आधी मुद्दा बघा. मुद्दा खरा असेल तर तो त्या आठवड्यातही खराच असतो.

बाकी मला उपयोगी पडलेलं: रोज भरभर चालणं, त्या दिवसांत पापड-लोणचं आणि चहा कमी, जेवणाची वेळ न चुकवणं. आठवडी बाजार, पाहुणे, मुलांचा अभ्यास यातलं एखादं काम तुम्ही न विचारता उचललंत तर सगळ्यात बरं. ‘काय मदत करू’ विचारत मागे फिरणारा नवरा त्या दिवसांत आणखी डोकं फिरवतो. कॅल्शियमने काहींना फरक पडतो, चाचण्यांत दिवसाला १२०० मिलिग्रॅमपर्यंत दिलेलं आहे, पण किडनी स्टोन झालेला असेल तर विचारल्याशिवाय नको. बी-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मैत्रिणीने सांगितल्या म्हणून महिनोन्‌महिने घेऊ नयेत, जास्त झाल्या की नसांना इजा होऊन हातापायांना मुंग्या येतात.

एवढ्याने भागत नसेल, कामावर जाणं अवघड होत असेल, घर तुटायची वेळ येत असेल, तर ते पीएमडीडी, म्हणजे पीएमएसचंच तीव्र रूप, असू शकतं. २०१३ साली मानसोपचाराच्या डीएसएम-५ या यादीत त्याला स्वतंत्र आजार म्हणून जागा मिळाली. त्यावर औषधं आहेत. नैराश्याच्याच काही गोळ्या यात लवकर लागू पडतात आणि कित्येकींना फक्त पाळीच्या आधीचे चौदा दिवस दिल्या जातात. ‘वेड्यांच्या गोळ्या’ म्हणणारे घरात निघतील, त्यांना तुम्ही गप्प करा, तिने का करायचं. ‘मी नसते तर बरं’ असं काही ती बोलली तर पाळी येईपर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो.

मी डॉक्टर नाही, हे लिहायचं राहिलं. चाळिशीच्या आसपास पाळीच मागेपुढे व्हायला लागली असेल तर हिशेब वेगळा असतो, तेव्हा तिचं वय लिहा. आणि एफडी असेल तर दोघांच्या नावावर करा, दोघांची सही लागेल अशी.