कोलवाळची भेट: ठरलेला वार मोडू नका

वाळपईच्या ताई, तुमचा प्रश्न काल रात्री दोनदा वाचला. धाकटा भाऊ पोलीस कोठडी संपून तीन आठवडे गोव्यात म्हापशाजवळच्या कोलवाळच्या तुरुंगात आहे, आई भेटायला यायचं नाव काढत नाही, चवथ म्हणजे गणेशचतुर्थी तोंडावर आली आहे, आणि समोर बसल्यावर त्याच्याशी बोलायचं काय हे तुम्हाला सुचत नाही. माझे मिस्टर याच तुरुंगात चौदा महिने कच्चे कैदी होते. केस अजून चालू आहे, त्यामुळे ती कसली हे लिहीत नाही. बाकी आठवतं ते सगळं सांगते.

आधी एक गोष्ट, कारण ती मला फार उशिरा कळली. जमेल तेवढंच कबूल करा, पण कबूल केलेला वार मोडू नका.

पहिल्या भेटीत मी रडत रडत म्हटलं, ‘दर आठवड्याला येईन.’ दोन आठवडे गेले. तिसऱ्या आठवड्यात मुलाला ताप आला, डिचोलीहून म्हापशाला जाणं जमलं नाही आणि निरोपही पाठवता आला नाही. पुढच्या भेटीत ते नेहमीसारखेच बोलले. कितीतरी महिन्यांनी कळलं, की त्या दिवशी सकाळी अंघोळ करून, रात्रभर अंथरुणाखाली घडी करून ठेवलेला शर्ट घालून ते भेटीची वेळ संपेपर्यंत नाव पुकारायची वाट बघत बसले होते. आपण बाहेर दहा कामांत असतो. आतल्या माणसाच्या आठवड्यात तेवढं एकच काम असतं. मग मी ठरवलं: पंधरा दिवसांतून एकदा भेट आणि दर रविवारी पत्र. कमी झालं, पण मोडलं नाही.

आता भेटीचं. ई-मुलाकात म्हणून सरकारी पोर्टल आहे, त्यावर नाव, नातं, ओळखपत्र आणि तुरुंग भरून नोंदणी करता येते. प्रत्यक्ष भेटीसाठीही आणि व्हिडिओवर बोलण्यासाठीही. पण एकदा फोन करून किंवा गेटवर विचारून वार आणि वेळ पक्की करा, आणि नोंदणीत व ओळखपत्रावर नाव अक्षरशः एकच असू द्या. माझ्या आधार कार्डावर माहेरचं नाव होतं आणि तिथल्या वहीत सासरचं. दीड तास उभी राहून परत आले, आणि बसमध्ये कोणाला रडताना दिसू नये म्हणून खिडकीकडे तोंड करून बसले. तुमचं लग्न झालं असेल तर लग्नाचा दाखला आणि भावाशी नातं दाखवणारं रेशनकार्ड, दोन्हीच्या झेरॉक्स पिशवीत ठेवा. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा वकिलाचा आणि घरचा नंबर कागदावर लिहून न्या.

बोलायचं काय? केसबद्दल नाही. तिथे पोलीस असतात, शेजारी दुसऱ्यांची माणसं असतात. ‘तू तिथे होतास का’ असलं काही विचारूच नका. ते वकिलासमोर बोलायचं. घरचं बोला, आणि बारीकसारीक बोला. ‘सगळे बरे आहेत’ हे वाक्य ऐकून माणूस आणखी घाबरतो. गायीला वासरू झालं, बाबांनी कौलं शाकारून घेतली, शेजाऱ्यांचा फणस आपल्या कुंपणात पडला आणि त्यावरून भांडण झालं, असलं सांगा. आणि त्याला काही विचारा, सल्ला मागा. पंप बंद पडलाय, कोणाला बोलावू? आतला माणूस सगळ्यांवरचं ओझं होऊन बसलेला असतो. घरातला एखादा निर्णय त्याच्या तोंडून निघाला की त्याचा चेहराच बदलतो.

पत्राला हल्ली लोक हसतात, पण भेट अर्ध्या तासात संपते आणि पत्र उशाखाली राहतं. पत्रं आत जाण्याआधी वाचली जातात हे धरूनच लिहा. प्रत्येक पत्रावर कोपऱ्यात क्रमांक घाला: १, २, ३. मधलं एखादं पोचलं नाही तर त्याला लगेच कळतं, आणि तुम्ही लिहिलंच नाही असा गैरसमज होत नाही.

चवथीबद्दल विचारलंत. मी पहिल्या वर्षी नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, घेऊन गेले होते. घरचं शिजवलेलं घेतलं नाही, डबा तसाच परत आला. त्याचा राग धरू नका, बाहेरच्या डब्यातून काय काय आत जातं हे त्यांनी पाहिलेलं असतं. न्यायालयाकडून घरच्या जेवणाची परवानगी मागता येते, पण ती आजारपणासारखं ठोस कारण असेल तरच मागावी. त्यापेक्षा कॅन्टीनसाठी पैसे रीतसर जमा करा, पावती घ्या. साबण, बिस्किटं, चहा त्यातून होतं. त्या वर्षी मी काय केलं सांगू? गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी टांगतो ना, तिला काय काय बांधलं त्याची यादी पत्रात लिहिली. सुपारीचे घोस, तोरिंगे, आंबाडे, चिबूड, आणि कोण झाडावर चढलं तेसुद्धा. उत्तर आलं: ‘नारळाचा घोस कुठे गेला? विसरलात ना?’ खरंच विसरलो होतो. चौदा महिन्यांत पहिल्यांदा मी त्या पत्रावर हसले.

तंबाखू, विडी, चिठ्ठी, सिमकार्ड, कोणी कितीही गळ घातली तरी नेऊ नका. भाऊ स्वतः म्हणाला तरी नाही म्हणा. तो गुन्हा आहे, आणि मग भेटच बंद होते. ‘थोडे पैसे द्या, आत सोय लावतो’ म्हणणारी माणसं कोर्टाच्या पायऱ्यांवरही भेटतील. त्यांच्याशी फक्त हवापाण्याच्या गप्पा माराव्यात.

औषधं चालू असतील तर डॉक्टरची जुनी चिठ्ठी आणि रिपोर्ट यांच्या झेरॉक्स तुरुंगाच्या डॉक्टरपर्यंत पोचवा. गोळ्या थेट देऊ नका. गरज पडल्यास कैद्याला बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) नेतात, तेव्हा जुने कागद कामी येतात. त्याला दारूची सवय असेल तर लाज न धरता डॉक्टरांना सांगा. अचानक सुटली की सुरुवातीचे दिवस फार वाईट जातात.

वकिलाचं तुम्ही लिहिलं नाही, पण मी लिहिते. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करा, किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. आम्ही आधी एका ओळखीच्या वकिलाला मंगळसूत्र गहाण ठेवून पैसे दिले. त्याने चार तारखा घेतल्या आणि फोन उचलणं बंद केलं. मोफत मिळालेल्या वकीलबाईंनी मात्र पहिल्याच भेटीत सगळे कागद मागून घेतले.

आणि कालनिर्णयावर गोल करायला लागा. अटकेनंतर ज्या दिवशी कोर्टाने त्याला पहिल्यांदा कोठडी दिली, तिथून मोजायचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ प्रमाणे पोलिसांनी गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल केलं नाही, तर जामीन मागण्याचा हक्क मिळतो. अमली पदार्थांच्या मोठ्या साठ्याच्या केसमध्ये ही मुदत १८० दिवस असते. पण अर्ज आरोपपत्र येण्याआधी करावा लागतो, म्हणून तारीख वकिलाच्याही आधी तुमच्या डोक्यात हवी. जामीन मिळाला आणि रक्कम झेपत नसेल, तर ती कमी करून मागता येते. हमीदारावाचून माणूस आत अडकून राहतो हे त्यांच्याच बराकीत दोघांचं झालं, असं मिस्टर सांगतात. तेव्हा घरपट्टीची पावती असलेला एखादा नातेवाईक आत्ताच मनात धरून ठेवा, जामीन झाल्यावर शोधाशोध नको.

आईंचं. त्यांना ओढून नेऊ नका. आमच्या सासूबाई सात महिने आल्या नाहीत. लोक ‘आग्वादला टाकला’ म्हणतील, हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं. आग्वादचे कैदी २०१५ मध्येच कोलवाळला आले आणि आता त्या किल्ल्यातल्या तुरुंगाचं संग्रहालय झालंय, तिकीट काढून लोक फोटो काढतात, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून आग्वादच. मी सासूबाईंकडून पत्राच्या शेवटी दोन ओळी लिहून घ्यायला लागले. आधी फक्त ‘जेव वेळेवर’. मग चार ओळी झाल्या. आठव्या महिन्यात स्वतःच म्हणाल्या, ‘मी बी येतां गे.’

घरात लहान मुलं असतील तर एक चूक माझ्याकडून झाली ती टाळा. आम्ही मुलाला सांगितलं होतं, बाबा बोटीवर नोकरीला आहेत. आपल्याकडे निम्मा गाव बोटीवर असतो, खपून गेलं. पण बोटीवरचे बाबा व्हिडिओ कॉल करतात, चॉकलेटं आणतात, आणि सहा वर्षांचं पोर मूर्ख नसतं. शाळेत कोणीतरी त्याला खरं सांगितलं. त्यानंतर बाबांपेक्षा माझ्यावर त्याचा विश्वास बसायला जास्त दिवस लागले.

तारखेला कोर्टात आणतील तेव्हाही जा. दूरून एक नजर होते. पण हल्ली बऱ्याच तारखा व्हिडिओवरच होतात, म्हणून आदल्या दिवशी वकिलाला विचारून घ्या, नाहीतर वाळपईहून फुकटचा फेरा.

पहिल्या भेटीला एकट्या जाऊ नका. वार ठरला की मला निरोपात कळवा. म्हापशाच्या स्टँडवर पेडण्याच्या बसपाशी मी उभी असेन. जुनं वर्तमानपत्र आणा, पावसात तिथली बसायची जागा ओली असते.