नेटफ्लिक्सच्या क्वीन्स गॅम्बिट या सिरीजमधलं चेस खरं आहे का आणि १० वर्षांच्या मुलीला दाखवावी का?

चेस बऱ्यापैकी खरं आहे, पण १० वर्षांच्या मुलीला आत्ता दाखवू नका. मी कोथरूडला मुलांना चेस शिकवतो, म्हणून सांगतोय. डाव बसवायला माजी जगज्जेता कास्पारोव्ह आणि अमेरिकन चेस कोच ब्रूस पँडॉल्फिनी होते, नायिका बेथचा रशियन चॅम्पियन बोर्गोवबरोबरचा शेवटचा डाव १९९३ च्या बील (स्वित्झर्लंड) इथल्या इव्हानचुक-वुल्फ या खऱ्या गेमवरून उचललाय आणि पुढे वेगळा वळवलाय, पटावर मांडून बघा, मजा येते. खटकतं ते म्हणजे सगळे भराभर खेळतात. खऱ्या टुर्नामेंटला एकेका चालीवर वीस वीस मिनिटं जातात आणि बाहेर आईबाप डबा घेऊन ताटकळत बसलेले असतात, ते कोण दाखवणार! आणि जॉर्जियाची माजी महिला जगज्जेती नोना गाप्रिंदाश्विली पुरुषांशी कधी खेळलीच नाही हे शेवटच्या भागातलं वाक्य धडधडीत खोटं, बाईंनी नेटफ्लिक्सवर केस ठोकली, २०२२ मध्ये सेटलमेंट झाली. मुलीचं म्हणाल तर, ७ भागांत नशेच्या गोळ्या आणि दारू भरपूर आहे, बेथला छतावर पट दिसतो तोही गोळ्या खाऊन. अर्थात पंधरा-सोळाची असती तर शेजारी बसून दाखवा म्हटलं असतं.