लाइट पेंटिंगची जुनी तंत्रे पुन्हा हाती घ्यावीत का?

लाइट पेंटिंग म्हणजे अंधारात कॅमेऱ्याचे शटर उघडे ठेवून हातातल्या दिव्याने चित्र उजळवणे. पिक्सेल स्टिक (हवेत चित्र उमटवणारी एलईडी दिव्यांची पट्टी) आणि फोटोशॉप हाताशी असताना बल्ब मोड (हवा तितका वेळ शटर उघडे ठेवण्याची सोय), टॉर्च आणि काळा पुठ्ठा यांकडे परत वळण्यात काही अर्थ आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नक्कीच आहे. एकाच एक्स्पोजरमध्ये, म्हणजे शटर एकदा उघडून बंद होईपर्यंत, चित्र पूर्ण करायचे म्हटले, की काय उजळायचे आणि काय अंधारात राहू द्यायचे हे शटर उघडण्याआधीच ठरवावे लागते. ढीगभर फ्रेम घेऊन घरी तुकडे जुळवणाऱ्याला हा निर्णय पुढे ढकलता येतो, आणि बहुतेक जण तो ढकलतातच.

जुन्या नाशकातल्या माझ्या मावशीच्या वाड्याचा चौक मी याच पद्धतीने टिपला होता. दिवसा वरून सारखा उजेड पडत असल्याने लाकडी खांबांवरचे कोरीव काम डोळ्यांत भरत नसे. म्हणून अमावास्येच्या सुमाराची रात्र निवडली, मावशीला घरातले दिवे बंद करायला सांगितले आणि आयएसओ 100 (प्रकाशाला कमी संवेदनशील), एफ/11 (लेन्सचे छिद्र बारीक) ठेवून केबल रिलीजने, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता तारेच्या बटणाने, शटर उघडे अडकवले. टॉर्चच्या तोंडाला काळ्या कागदाची नळी गुंडाळली, म्हणजे दिव्याचा ठिपका लेन्सला दिसत नाही. खांबाच्या कडेला उभे राहून, प्रकाश लाकडाला जवळजवळ घासून वरून खाली ओढला, की कमळाची एकेक पाकळी आपल्या सावलीसह उठून येते. तोच प्रकाश कॅमेऱ्याच्या बाजूने टाकला, तर सगळे पुन्हा सपाट होते. मी एका खांबापासून दुसऱ्यापाशी जाईपर्यंत मावसभाऊ लेन्ससमोर पुठ्ठा धरून उभा असे, कारण गल्लीतल्या दिव्याचा उजेड चौकात झिरपत होता आणि पुठ्ठा नसता तर तो चित्रात साचतच गेला असता.

हे छायाचित्र एका स्थानिक स्पर्धेत परीक्षकांनी ‘जोडकाम’ म्हणून बाद केले. शेजारशेजारच्या खांबांवर वेगवेगळ्या दिशांनी उजेड येणे एका चित्रात अशक्य आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते शक्य आहे. शटर उघडे असेपर्यंत एकच दिवा हव्या तितक्या जागी नेता येतो, आणि हे तंत्र उभे आहे ते त्यावरच. 1889 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे आणि त्यांचे सहकारी जॉर्ज देमेनी यांनी माणसाच्या अंगाला दिवे लावून त्याच्या चालण्याच्या रेषा टिपल्या होत्या, आणि 1949 मध्ये छायाचित्रकार ज्यॉन मिली यांनी चित्रकार पिकासोने छोट्या दिव्याने हवेत काढलेली चित्रे टिपली होती. छायाचित्रांचे परीक्षण करणाऱ्याला एवढे ठाऊक असलेच पाहिजे, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने नोंदवलेली, संपादन न झालेली) दाखवतो म्हटले, तर ती पाहण्याची तसदीही कोणी घेतली नाही.

तंत्रासोबत जुन्या सवयीही परत आणा. चौकटीचे कागदावर रेखाटन करा, सेकंद मोठ्याने मोजा आणि कोणत्या भागावर टॉर्च किती वेळ फिरवली हे वहीत लिहा. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब एक्स्पोजरमध्ये चित्रात उमटणारे नकोसे ठिपके काढण्याची कॅमेऱ्यातली सोय) चालू ठेवले, तर कॅमेरा एक्स्पोजरइतकाच वेळ पुन्हा घेतो. लोक त्याला कंटाळतात, पण वही भरायला तोच वेळ उपयोगी पडतो. पिक्सेल स्टिक जरूर घ्या, मात्र टॉर्चवर हात बसल्यानंतर.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. ठिणग्यांच्या रेषा टिपण्यासाठी पेटलेली स्टील वूल (बारीक पोलादी तारांचा गुंता) फिरवणे हेही जुनेच तंत्र असले, तरी दिवाळीनंतर नाशिकजवळच्या रामशेज किंवा अंजनेरी या डोंगरांच्या परिसरात ते अजिबात करू नका. गवत वाळलेले असते आणि एका ठिणगीने वणवा लागतो. दुसरे म्हणजे, हॉटेल किंवा इमारतीच्या व्यावसायिक कामात फ्रेम जोडण्याला माझा विरोध नाही, कारण तिथे ग्राहकाला वेळेत आणि नेमके चित्र हवे असते. फक्त त्याला जोडचित्र म्हणावे, लाइट पेंटिंग म्हणू नये. आणि स्पर्धेला चित्र पाठवणार असाल, तर मूळ रॉ फाइल पाहिली जाईल का, हे प्रवेशशुल्क भरण्याआधी आयोजकांकडून लेखी घ्या.